डावा चॅनेल

पाडव्याच्या आदल्या रात्री डाव्या स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ असा आवाज आला, वूफरचा कागद पुढे आला आणि तसाच ताणून राहिला. अप्पांनी उठून आधी प्लग खेचला, मग चष्मा शोधला. माझ्या सासऱ्यांची सगळी कामं याच क्रमाने होतात.

हा ॲम्प्लिफायर त्यांनी १९८८ साली स्वतः जोडलेला. ट्रान्सफॉर्मर बावीस-शून्य-बावीसचा, सांगून वाइंड करून घेतलेला. पत्र्याचा डबा ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून वाकवून आणलेला, आणि पुढच्या पट्टीवर लेट्रासेटची, म्हणजे घासून चिकटवायची, इंग्रजी अक्षरं, त्यातल्या ‘ट्रेबल’चं एक अक्षर केव्हाच गळून पडलंय. पाठीमागे काळे पंखेवाले हीटसिंक आणि त्यांवर धातूच्या टोपीचे चार पॉवर ट्रान्झिस्टर: प्रत्येक चॅनेलला एक २एन३०५५ आणि त्याचा जोडीदार एमजे२९५५. पस्तीसहून जास्त वर्षं हे यंत्र शनिवार पेठेतल्या आमच्या घरात चालू आहे. वाडा पाडून इमारत झाली, बाकी सगळं फर्निचर बदललं, हे तेवढं राहिलं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय आणि भोसरीला पॉवर सप्लाय बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. तिथे बोर्ड बिघडला की त्यावर लाल स्टिकर लागतो आणि दुसरा बोर्ड येतो. तरी घरात या विषयात माझा शब्द शेवटचा असायचा. त्यामुळे अप्पा जेव्हा म्हणाले, “कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट असणार,” तेव्हा मी फक्त मान हलवली. अप्पा टेलिफोन खात्यातले. खांबावर चढून चढून त्यांचं मत असं झालंय की जगात रोग एकच आहे, आणि त्याचं नाव लूज कॉन्टॅक्ट.

मीटर लावलं तर डाव्या चॅनेलचे दोन्ही आउटपुट, म्हणजे हेच पॉवर ट्रान्झिस्टर, कलेक्टर-एमिटर आरपार शॉर्ट. पिप् पिप् पिप्. “अप्पा, हा लूज नाही, चांगला घट्ट कॉन्टॅक्ट आहे,” मी म्हणाले. ते हसले नाहीत.

शनिवारी तपकीर गल्लीत गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, “ओरिजिनल देऊ का लोकल?” मी ओरिजिनल म्हटलं. त्याने ज्या खणातून आधी लोकल काढून दाखवला होता, त्याच खणातून ओरिजिनल काढला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण घाई होती, आणि दोन जोड्या घ्या म्हणजे हेलपाटा वाचेल असं तोच म्हणाला, म्हणून तीन घेतल्या.

घरी येऊन जुने काढले, नवे बसवले, खाली वीज अडवणारा मायका आणि उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट, स्क्रू आवळले आणि बटण दाबलं.

फट्.

एवढंच. एक सेकंदसुद्धा नाही. फ्यूज काळा, ट्रान्झिस्टर परत शॉर्ट, आणि जळक्या वार्निशचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत. सासूबाई डोकावून म्हणाल्या, “झालं का गं?” मी म्हटलं, झालं.

चूक इतकी बाळबोध होती की कंपनीत कोणाला सांगितली नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर कलेक्टर ते बेस असा आतून वितळला, की पूर्ण सप्लाय उलट मागे ड्रायव्हरवर, म्हणजे त्याला चालवणाऱ्या छोट्या ट्रान्झिस्टरवर, जाऊन आदळतो. म्हणजे आउटपुट उडाला तर ड्रायव्हर तपासल्याशिवाय पुढे जायचंच नसतं. मी गेले. ड्रायव्हर टीआयपी४१सी पूर्ण शॉर्ट होता. एमिटरचा शून्य पूर्णांक बावीस ओहमचा सिमेंटचा रेझिस्टर बाहेरून ठणठणीत आणि आतून ओपन. मेलेल्या ड्रायव्हरने नव्या ट्रान्झिस्टरला पहिल्याच क्षणी पूर्ण उघडून दिलं होतं.

“आमच्या वेळी सिरीज बल्ब लावल्याशिवाय कोणी चालू करत नसे,” अप्पा म्हणाले. हे त्यांनी नंतर सांगितलं, हेही त्यांच्या क्रमात बसतं.

मग सिरीज बोर्ड बनवायला बसलो. एक लाकडी बोर्ड, एक होल्डर, एक सॉकेट, आणि मेनच्या फेज वायरमध्ये शंभर वॉटचा बल्ब. तत्त्व सोपं आहे. तारेचा बल्ब थंड असताना चाळीसेक ओहमचा असतो आणि पूर्ण पेटला की सव्वापाचशेच्या वर जातो. यंत्र ठीक असेल तर बल्ब कॅपॅसिटर भरताना एकदा चमकून मंदावतो आणि विझतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळा ताण स्वतःवर घेतो; ट्रान्झिस्टर वाचतो. अडचण एकच, शंभर वॉटचा तारेचा बल्ब आता कुठून आणायचा? चार दुकानदारांनी एलईडी पुढे केला. इथे त्याचा काही उपयोग नाही, त्याला तापून ओहम वाढवता येत नाहीत. शेवटी रविवार पेठेतल्या एका जुन्या दुकानात माळ्यावरून दोन मिळाले, खोक्यावर बोटभर धूळ. अप्पांनी दोन्ही घेतले आणि येताना स्वतःच्या हातात धरून आणले.

या वेळी सगळं रीतसर केलं. दोन्ही ड्रायव्हर बदलले, एमिटरचे रेझिस्टर बदलले, डायोड तपासले, हीटसिंक आणि टोपी यांच्यात मायका फाटलेला नाही हे मीटरने पाहिलं. बल्ब चमकला, मंदावला, विझला. स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी, म्हणजे तिथे असायला नको तो एकसारखा व्होल्टेज, पाहिला, वीस मिलिव्होल्टच्या आत. मग बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट किंचित उघडे ठेवणं, ठरवणारा प्रिसेट (फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) फिरवून एमिटर रेझिस्टरवर अकरा मिलिव्होल्ट आणले, म्हणजे पन्नास मिलिअँपिअरचा आयडल करंट. जेमतेम उबदार. बल्ब काढला, प्लग थेट भिंतीत.

चार दिवस वाजला. पाचव्या संध्याकाळी भीमसेनांचे अभंग चालू होते, आवाज अगदी बेताचा, खोलीत बोलता येईल इतकाच, आणि पुन्हा घुंऽऽ.

इथे मी चिडले. चिडल्यावर माणूस कोणालातरी धरतो, मी त्या खणाला धरलं. उडालेला ट्रान्झिस्टर बाकावर पकडीत आवळला आणि टोपीच्या कडेने हॅकसॉ फिरवला. मग अप्पांनी १९८८ साली बसवलेला, पाडव्याला गेलेला, तोही तसाच कापला. दोन्ही टोप्या काढून शेजारी-शेजारी ठेवल्या आणि टेबललॅम्प खाली ओढला.

जुन्याच्या आत तांब्याची एक जाड चकती आणि तिच्यावर सिलिकॉनचा राखाडी चौकोन, करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढा. मध्ये वितळून झालेला एक काळा खड्डा. नव्याच्या आत तांबं नाहीच. पातळ तळावर थेट चिकटवलेली एक कणी. खरोखर कणी, तांदूळ निवडताना बाजूला पडते तेवढी. बाहेर छाप मात्र नव्याचा जास्त ठसठशीत. सासूबाईंच्या वजनकाट्यावर ठेवले तर बोटाला जाणवत होतं तेच काट्यानेही दाखवलं, नवा स्पष्ट हलका. २एन३०५५ला कागदावर पंधरा अँपिअर, साठ व्होल्ट आणि एकशे पंधरा वॉट लिहिलेले असतात. ती कणी त्यातले किती वॉट बाहेर टाकणार होती देव जाणे.

चोर सापडला म्हणून मी खूश. त्याच भरात सप्लायही मोजला. रात्री अकरा वाजता भिंतीत २४७ व्होल्ट, आणि फिल्टर कॅपॅसिटरवर अधिक-उणे चौतीस. म्हणजे एक ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असताना दुसऱ्यावर जवळपास अडुसष्ट व्होल्ट येणार, आणि त्याची मर्यादा साठची.

“अप्पा, हे मुळातच काठावर होतं.”

“तेव्हा रात्री दोनशेदहा मिळाले तरी नशीब मानायचो आम्ही,” ते म्हणाले. “२४७ कोणाच्या डोक्यात होते?”

हे मला पटलं. त्यांच्या वेळच्या लाइटवर हिशोब जुळत होता. मी एमजे१५००३ आणि एमजे१५००४ मागवले, अधिकृत वितरकाकडून, बिलासकट. त्याच धातूच्या टोपीचे, त्याच भोकांत बसणारे, पण एकशेचाळीस व्होल्ट, वीस अँपिअर, अडीचशे वॉटचे. एका जोडीची किंमत गल्लीतल्या जोडीच्या सातपट. अप्पांनी बिल दोनदा वाचलं आणि घडी करून ॲम्प्लिफायरच्या फाइलमध्ये लावलं. हो, त्याची फाइल आहे.

बसवले. बल्ब, डीसी, बायस, सगळं परत. या वेळी आणखी एक शंका उरली होती: हाय फ्रीक्वेन्सीला सर्किट स्वतःशीच ऑसिलेट करत, म्हणजे गाण्याशिवाय आपोआप कंप पावत, असेल तर कानाला काही कळत नाही, ट्रान्झिस्टर मात्र भाजून निघतो. त्यासाठी सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप हवा, आणि तो कंपनीत. शनिवारी ॲम्प्लिफायर चादरीत गुंडाळून स्कूटरच्या पायाशी ठेवला आणि भोसरीला नेला. गेटवर सिक्युरिटीवाल्या दादांनी अडवलं. बाहेरून आत मटेरियल आणायचं तर रिटर्नेबल गेटपास, त्यावर वस्तूचं वर्णन, नग आणि अंदाजे किंमत. मी लिहिलं, ‘सासऱ्यांचा ॲम्प्लिफायर, १ नग’. किमतीच्या रकान्यापाशी अडले. दादा म्हणाले, “शंभर टाका ताई, आत कोण विचारतंय.” हे अप्पांना अजून सांगितलेलं नाही.

स्पीकरऐवजी आठ ओहमचा डमी लोड लावून दोन तास चालवला. साइन वेव्ह स्वच्छ, कडांना केसाळपणा नाही. आउटपुटवरचं दहा ओहम आणि शून्य पूर्णांक एक मायक्रोफॅरडचं, ऑसिलेशन रोखणारं झोबेल नेटवर्क शाबूत. हीटसिंकचं तापमान एका जागी स्थिर. ऑसिलेशन नाही, म्हणजे सुटलो. परत चादर, परत स्कूटर. नाशिक फाटा, दापोडी, खडकी, वाकडेवाडी, जेवढे खड्डे रस्त्यात होते तेवढे सगळे पायाखालच्या त्या डब्याला बसले.

त्या रात्री साडेनऊला, लावल्यापासून विसाव्या मिनिटाला, तिसऱ्यांदा. सातपट किमतीची जोडी.

कोणी काही बोललं नाही. अप्पांनी प्लग खेचला. सासूबाईंनी ताक आणून दिलं.

दोन दिवस मी त्या डब्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी बसमध्ये उभी असताना डोक्यात आलं की खोटे ट्रान्झिस्टर उडाले आणि खरेही उडाले, कमी व्होल्टवाले उडाले आणि जास्त व्होल्टवालेही. म्हणजे मी आतापर्यंत जे जे बदललं, त्यातलं काहीच कारण नाही. जे बदललं नाही, त्यात बघायला हवं. आणि उजवा चॅनेल तोच ट्रान्सफॉर्मर, तेच २४७ व्होल्ट, तेच जुने ट्रान्झिस्टर घेऊन सुखाने वाजत होता, हे तर मी पहिल्या दिवसापासून बघत होते. बघत होते म्हणजे ऐकत होते.

त्या संध्याकाळी पुन्हा उरलेसुरले ड्रायव्हर घातले आणि गल्लीतली शिल्लक राहिलेली तिसरी जोडी आउटपुटला लावली. मुद्दाम. मरायचेच असतील तर कणीवाले मरोत. सिरीज बल्ब या वेळी काढायचाच नाही असं ठरवलं. मीटरच्या दोन पिना एमिटर रेझिस्टरवर, अकरा मिलिव्होल्ट. बल्ब विझलेला. मी स्टुलावर, अप्पा खुर्चीत, आणि आम्ही दोघं एका विझलेल्या बल्बकडे टक लावून.

पाऊण तास काही नाही. मग अप्पांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, आणि बल्ब भक्कन पेटून विझला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी कप उचलला आणि परत ठेवला, जरा जोराने. काही नाही. तिसऱ्यांदा ठेवला. भक्क.

सासूबाईंच्या विणकामाच्या पिशवीतून प्लॅस्टिकची सुई आणली आणि बोर्डावर एकेका पार्टला हलकेच टकटक करत निघाले. इनपुटचा कॅपॅसिटर, नाही. डिफरन्शियल जोडी, नाही. ड्रायव्हरचे पाय, नाही. बायसचा प्रिसेट. सुई लागते न लागते तोच बल्ब लख्ख, मीटरचा आकडा धावत वर, आणि सुई उचलली की परत अकरा.

तो प्रिसेट म्हणजे बोटाच्या पेराएवढा, उघड्या कार्बनच्या पट्टीचा, मध्ये पितळी रिव्हेटवर फिरणारी एक पत्र्याची जीभ. भिंगातून पाहिलं तर रिव्हेटभोवती हिरवट काळी कड धरलेली आणि जीभ पट्टीवर टेकल्यासारखी दिसत होती, टेकलेली नव्हती. उष्णतेने, हादऱ्याने, वूफरच्या ठोक्याने ती मधेच सुटायची. ती सुटली की काय होत होतं ते मी कागदावर काढलं. दोन आउटपुटच्या मधोमध बायसचा एक छोटा ट्रान्झिस्टर असतो, बीडी१३९. तो दोन्ही बाजूंच्या बेसमध्ये साधारण अडीच व्होल्टचं अंतर राखून ठेवतो. किती अंतर, हे त्याच्या दोन रेझिस्टरांच्या प्रमाणावर ठरतं: एक कलेक्टर ते बेस, एक बेस ते एमिटर. आमच्याकडे प्रिसेट कलेक्टर-बेसच्या पायात होता. जीभ सुटली की बेसला करंटच मिळत नाही, बीडी१३९ बंद पडतो, अंतर राखणारं कोणी उरत नाही, आणि वरचा-खालचा दोन्ही आउटपुट एकाच वेळी पूर्ण उघडतात. अधिक चौतीस ते उणे चौतीस सरळ रस्ता. पुढचं फ्यूजला कळायच्या आत उरकतं.

तोच प्रिसेट बेस-एमिटरच्या पायात असता, तर जीभ सुटल्यावर उलट झालं असतं. बीडी१३९ जास्त उघडला असता, बायस जवळजवळ शून्यावर आला असता, आवाज जरा खरखरीत झाला असता आणि आपण म्हटलं असतं, बघायला हवं एकदा.

“म्हटलं होतं ना,” अप्पा म्हणाले. “लूज कॉन्टॅक्ट.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पण त्यांनीच मग फाइल काढली, आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला नकाशा उलगडला, चष्मा कपाळावर घेतला आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

“हा प्रिसेट इथे कोणी टाकला?”

“अक्षर तुमचं आहे अप्पा.”

बराच वेळ त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलेलं होतं. “किटच्या कागदात तसंच असणार,” ते म्हणाले. किटचा कागद फाइलमध्ये नव्हता.

दुरुस्ती फार तर तासाभराची. कलेक्टर-बेसच्या पायात २.२ किलोओहमचा पक्का रेझिस्टर, बेस-एमिटरच्या पायात ४७० ओहम आणि त्याच्याशी सिरीजमध्ये पाचशे ओहमचा बंद डबीतला मल्टिटर्न प्रिसेट, सुरुवातीला पूर्ण पाचशेवर, म्हणजे बायस सर्वांत कमी. तिथून फिरवत वर यायचं. हे करताना आणखी एक दिसलं: बीडी१३९ हीटसिंकला चिकटवलेला असायला हवा, म्हणजे आउटपुट तापले की तो बायस आपसूक उतरवतो; त्याचा चिकट्टा वाळून तो हवेत लोंबत होता. तोही स्क्रूने आवळला. लूज कॉन्टॅक्ट नंबर दोन, पण हे मी मोठ्याने म्हटलं नाही.

खरा वाद उजव्या चॅनेलवरून झाला. तिथेही तोच प्रिसेट, त्याच चुकीच्या पायात. मला तो बदलायचा होता. अप्पांचं म्हणणं, चालत्या गाडीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, डावाही पाडव्यापर्यंत चालतच होता. ते म्हणाले, उजवा माझ्या हातचा आहे. डावाही तुमच्याच हातचा होता, असं ओठांवर आलेलं मी गिळलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही दुपारी झोपता तेव्हा ती बदलेल, त्यापेक्षा समोर बदलू द्या.” मग अप्पांनी स्वतः सोल्डरिंग गन धरली. हात थोडा हलतो आता, पण जोड अजून माझ्यापेक्षा चकचकीत येतो.

एमजे१५००३ची दुसरी जोडी मागवली. बिल फाइलमध्ये गेलं. बायस बारा मिलिव्होल्टवर ठेवला, तासाभराने पाहिला तर साडेअकरा. मी म्हटलं, आता बल्ब काढू.

“राहू दे.”

“अप्पा, बल्बमधून आवाज दबतो.”

“दबू दे.”

आठ दिवस घरात गाणं बल्बातून चाललं. तबल्याची थाप आली की होल्डरमधली तार लालसर व्हायची, आणि समेवर जरा जास्त. शेजारची लहान मुलगी तेवढं बघायला येऊन बसायची. नवव्या दिवशी मी भोसरीहून आले तेव्हा प्लग भिंतीत होता, दोन्ही स्पीकर मोकळे वाजत होते, आणि तो बल्ब जुन्या खोक्यात कापसात बसवून कपाटात गेला होता. खोक्यावर पेन्सिलीने तारीख, आणि खाली लिहिलेलं: ‘डावा चॅनेल. चालू स्थितीत.’ ते बल्बबद्दल होतं की ॲम्प्लिफायरबद्दल, मी विचारलं नाही.